सुरू होण्याचे आणि बंद होण्याचे व्होल्टेज : उंबरठा एक की दोन?

वेलांटी
औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्यांसाठी स्विचिंग कन्व्हर्टरवरची (वेगाने चालू-बंद करून एका व्होल्टेजचे दुसरे व्होल्टेज बनवणाऱ्या सर्किटवरची) एक छोटी पुस्तिका मी मराठीत आणत आहे. इनपुट व्होल्टेज किती चढल्यावर कन्व्हर्टरने काम सुरू करावे आणि किती उतरल्यावर थांबावे, या दोन मर्यादा कशा ठरवायच्या हा त्यातील एका प्रकरणाचा विषय आहे. उदाहरण १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीचे असून, १२ व्होल्टला सुरू आणि १०.५ व्होल्टला बंद असे आकडे घेतले आहेत. मी दोन्हींना ‘उंबरठा व्होल्टेज’ म्हटले होते. परंतु मसुदा वाचून एका विद्यार्थ्याने विचारले की, उंबरठा एकच असताना आकडे दोन कसे? माझ्याकडे उत्तर नव्हते. शब्द सुचवावेत.

रोहित्र
विद्यार्थ्याची शंका रास्त आहे. घराचा उंबरठा आत येताना जेवढा उंच असतो तेवढाच बाहेर जाताना असतो. इथे मात्र येण्याची आणि जाण्याची उंची मुद्दाम वेगळी ठेवलेली आहे. ‘आरंभसीमा’ आणि ‘विरामसीमा’ हे शब्द घडवावेत, म्हणजे प्रश्नच मिटेल.

विहिरीवरचा
प्रश्न मिटणार नाही, कारण असे शब्द आमच्या दुकानात कोणी उच्चारणार नाही. पंपाच्या स्टार्टरची दुरुस्ती करण्यात माझी तीस वर्षे गेली. व्होल्टेज कमी असले की शेतकरी सांगत येतो, “स्टार्टर पकडत नाही.” चालू मोटर मध्येच थांबली तर तो म्हणतो, “स्टार्टरने सोडलं.” स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची, म्हणजे चुंबकाने ओढल्या जाणाऱ्या स्विचची, कॉइल साधारणपणे नेमलेल्या व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांच्या आत पकडते, परंतु एकदा पकडल्यावर व्होल्टेज त्याहून बरेच खाली गेले तरी सोडत नाही. आपल्याला हव्या असलेल्या दोन मर्यादा याच आहेत, आणि त्यांची क्रियापदे भाषेत आधीपासून आहेत. ‘पकड व्होल्टेज’ आणि ‘सोड व्होल्टेज’ म्हणा.

काठावर
कॉन्टॅक्टरमध्ये हे अंतर लोहचुंबकाच्या स्वभावामुळे आपोआप येते, तर कन्व्हर्टरमध्ये ते आखून ठेवावे लागते, एवढा भेद लक्षात असू द्यावा. बॅटरी १०.५ व्होल्टपर्यंत उतरली आणि कन्व्हर्टर थांबला की तिच्यावरचा भार जातो आणि तिचे व्होल्टेज लगेच वर येते. मर्यादा एकच असेल तर कन्व्हर्टर पुन्हा सुरू होईल, भार येताच व्होल्टेज पुन्हा पडेल आणि हा खेळ बॅटरी पुरती मरेपर्यंत चालेल. त्यात भर म्हणजे कन्व्हर्टर ठरलेली शक्ती खेचतो : २४ वॅटसाठी १२ व्होल्टला २ अँपिअर पुरतात, तर ८ व्होल्टला ३ अँपिअर लागतात. म्हणजे व्होल्टेज जितके पडेल तितका तो जास्त ओरबाडतो.

आता भाषेकडे वळतो. ११ व्होल्टला कन्व्हर्टर काय करील? तो सुरू होणार नाही, परंतु चालू असेल तर चालू राहील. हे वाक्य मी अगदी सहज लिहिले, आणि ‘सुरू’ व ‘चालू’ यांतील फरकानेच सगळा विषय सांगून टाकला. ‘सुरू’ ही घटना आहे आणि ‘चालू’ ही स्थिती. म्हणून ‘चालू व्होल्टेज’ असे कधीही लिहू नये. ‘सुरू होण्याचे व्होल्टेज’ असेच लिहावे.

रोहित्र
‘सुरू’ हा शब्द मुळात अरबी आहे, एवढे नमूद करतो.

काठावर
आणि तो आपल्याकडे सुरू होऊन कित्येक शतके चालू आहे.

अनुस्वार
‘बंद’विषयीही सावध राहावे. ‘बंद पडण्याचे व्होल्टेज’ म्हटले तर वाचकाला यंत्र बिघडल्याचा भास होतो. इथे तर यंत्र शहाणपणाने स्वतःहून बंद होते. दोन मर्यादांमधील अंतराला पाठ्यपुस्तकी मराठीत ‘मंदायन’ म्हणतात असे माझ्या वाचनात आहे, आणि हिंदीत ‘शैथिल्य’ म्हणतात. दोन्ही शब्द मला अपुरे वाटतात. याच अंतरासाठीचा इंग्रजीतला हिस्टेरिसिस हा शब्द ‘हिस्टेरिया’ या उन्मादाच्या जुन्या रोगनामावरूनच आला असावा, कारण मागचे धरून बसण्याचा स्वभाव दोन्हींत आहे.

काठावर
व्युत्पत्ती आकर्षक आहे, परंतु तशी नाही. जेम्स अल्फ्रेड यूइंग हे टोकियोत शिकवत असताना, १८८० च्या दशकाच्या आरंभी, त्यांनी चुंबकत्वासाठी हा शब्द योजला, आणि तो ‘मागे पडणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून घेतला. त्या अर्थाने ‘मंदायन’ चुंबकाला शोभते. मात्र आपल्या सर्किटमध्ये काहीही मंद नाही, हे अंतर राखून ठेवलेले आहे. यूसी ३८४२ ही कन्व्हर्टर चालवणारी प्रसिद्ध चिप १६ व्होल्टला सुरू होते आणि १० व्होल्टला थांबते, कारण आरंभी ती एका कॅपॅसिटरच्या शिदोरीवर चालते आणि ट्रान्सफॉर्मरच्या सहायक गुंडाळीतून पुरवठा येईपर्यंत ती शिदोरी पुरावी लागते. तिच्याच भावंडाचे, ३८४३ चे, आकडे ८.४ आणि ७.६ आहेत. ३८४२ च्या १६ आणि १० मधील या ६ व्होल्टसारख्या अंतराला मी ‘मुभा’ म्हणेन.

विहिरीवरचा
‘मुभा’ पटला. ‘शिथिल’ म्हटले की आमच्याकडे सैल झालेला नट आठवतो.

रोहित्र
आपण सर्वजण मला हसत आहात, परंतु माझे टोपणनावच पुरावा आहे. ट्रान्सफॉर्मरसाठी ‘रोहित्र’ हा घडवलेला शब्द आज वीज कंपनीच्या मराठी निविदांत आणि वृत्तपत्रांत नित्य छापला जातो.

विहिरीवरचा
छापला जातो खरा, आणि तो जळाला की गाव म्हणते, “डीपी उडाली.”

वेलांटी
सर्वांचे आभार, परंतु ‘ठरवणे’ राहूनच गेले. उदाहरणातील चिपचा चालू-बंद पाय (पिन) दोन रेझिस्टरांच्या सांध्याला जोडलेला आहे, वरचा इनपुटकडे आणि खालचा ग्राउंडकडे. हा पाय १.२५ व्होल्टला जागा होतो, त्यातून आधी १ मायक्रोअँपिअर प्रवाह बाहेर पडतो आणि चिप सुरू झाल्यावर त्यात आणखी ३ ची भर पडते. १.५ व्होल्टच्या अंतराला ३ मायक्रोअँपिअरने भागले की वरचा रेझिस्टर ५०० किलोओहम येतो, आणि १२ व्होल्टच्या मर्यादेवरून खालचा सुमारे ५५.६ किलोओहम. म्हणजे वरचा रेझिस्टर मुभा ठरवतो आणि खालचा तिची जागा. या दोन कामांना वेगवेगळी क्रियापदे हवीत : मुभा ‘राखणे’ आणि मर्यादा ‘बसवणे’ चालेल का?

आकृतीत जागा नसल्यामुळे मी तूर्त ‘पकड’ आणि ‘सोड’ अशी नावे घातली होती. त्याच विद्यार्थ्याने ती ‘पक्कड’ वाचली, आणि कोणत्या मापाची घ्यायची असे विचारले.

रोहित्र
आरंभसीमेत हा धोका नव्हता.