धुऱ्यावरचा (बांधावरचा) मोहा तोडून राहिले, काय करता येते?

यवतमाळ जिल्हा. शेजाऱ्यानं धुऱ्यावरचा जुना मोहा ठेकेदाराले इकला, म्हणते माह्या वावरातलं झाड, मले कोण अडवते! खरंच परवानगी लागत नाही काय?

— लागते ना भाऊ. 1964 चा वृक्षतोड कायदा हाय, त्याच्या यादीत मोहा, साग, चिंच, आंबा, जांभूळ हे सगळे येतात, सोताच्या वावरातलं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी पाहिजेच.

— अन् कडुलिंब?

— तो त्या यादीत नाही. झाडं जपायचा दुसरा, 1975 चा कायदा हाय, पण तो शहरासाठी, खेड्यात लागू नाही.

— आधी सातबारा, मोजणी पाहा, धुरा सामाईक निघाला तर तो एकटा इकूच शकत नाही. आजच वन विभागाच्या रेंज ऑफिसात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, तोंडी सांगून काही होत नाही. झाडाचा फोटो काढून ठेवा.