शाळा विकास आराखडा, शिक्षकांचा गोपनीय अहवाल आणि ग्रामसभा: तिन्ही एकमेकांना जोडावेत का?

नीराकाठ (चर्चाप्रस्ताव)

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी दुसऱ्यांदा आलोय. पहिल्या खेपेला शाळा विकास आराखडा माझ्यापुढे आला तो थेट सहीसाठी. गळकी खोली, संरक्षक भिंत, मुलींचं स्वच्छतागृह, सगळं त्यात होतं आणि गरजेचंही होतं. मुलांना वाचता येतं का, याबद्दल एकच ओळ होती. तीच ओळ शेजारच्या गावच्या आराखड्यात शब्दशः निघाली, तेव्हा मला झोप लागली नाही. माझी स्वतःची सही होती खाली.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 21 सांगतं की समितीत तीन चतुर्थांश आईवडील हवेत आणि निम्म्या महिला. कलम 22 सांगतं की आराखडा समितीनं करायचा. प्रत्यक्षात तो मुख्याध्यापक एकटे बसून लिहितात, कारण वरून तारीख आलेली असते. दुसरा कागद म्हणजे शिक्षकांचा गोपनीय अहवाल, वरिष्ठांनी दरवर्षी लिहायचं त्यांच्या कामाचं मूल्यमापन. त्याचा या आराखड्याशी काडीचा संबंध नसतो. आणि तिसरी गोष्ट, म्हणजे शाळेनं वर्षभरात काय केलं हे गावाला सांगणं, ती तर होतच नाही. 15 ऑगस्टला झेंडावंदन होतं, सत्कार होतात, खाऊ वाटला जातो, आणि आम्ही घरी येतो.

माझं म्हणणं असं. आराखड्यात शिकण्याबद्दलची फार तर तीन उद्दिष्टं असावीत, गावातल्या कुणालाही कळतील अशी. उदाहरणार्थ, तिसरीत जाणारं प्रत्येक मूल दहा ओळींचा नवा मजकूर वाचून त्यात काय आहे ते सांगेल. प्रत्येक शिक्षकानं त्यातला आपला वाटा लिहून द्यावा आणि त्याचं वार्षिक मूल्यमापन त्यावर व्हावं. आणि वर्षातून दोन ग्रामसभांत शाळेनं उभं राहून सांगावं की कुठवर आलो. आराखड्यासाठी कुणी जबाबदारच नसेल तर तो करायचा कशाला?

दोनशिक्षकी

दादा, कळकळ समजली. पण हा प्रयोग आमच्यावर एकदा होऊन गेलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

23 ऑक्टोबर 2017 चा शासन निर्णय आठवा. शिक्षकाला 12 वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी मिळते, 24 वर्षांनी निवडश्रेणी. त्या निर्णयानं अट घातली की शाळा 'प्रगत' हवी आणि शाळासिद्धीत, म्हणजे शाळांच्या मूल्यमापनाच्या सरकारी पद्धतीत, 'अ' श्रेणीत हवी. माध्यमिकला नववी-दहावीच्या निकालाची 80 टक्क्यांची अट होती. म्हणजे तुम्ही मागताय तेच: शाळेची प्रगती आणि शिक्षकाचा पगार एकत्र बांधलेला. पुढे ती अट शासनाला मागे घ्यावी लागली.

शाळासिद्धीत शाळा आधी स्वतःच स्वतःचं मूल्यमापन करते. ते खरं व्हायचं तर आपल्यात काय कमी आहे हे लिहायची मोकळीक लागते. ज्या दिवशी त्या श्रेणीला वेतनवाढ बांधली, त्या दिवसापासून तो फॉर्म भरताना पहिला विचार मनात येणार तो शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा. त्याची बारा वर्षं यंदा भरतायत, मी 'ब' कशी लिहू? आणि तो सहकारी वर्गात कितीही जीव ओतो, पट, इमारत, पाणी यातलं काहीही त्याच्या हातात नाही.

आता माझा वर्ग. मी बीड जिल्ह्यात आहे. दोन शिक्षक, चार वर्ग. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्याकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायको दोघं मिळून एक कोयता, आणि लेकरं बरोबर. पटावर 26 असतात, समोर 14 बसतात. हंगामी वसतिगृह निघालं तर काही थांबतात, आजी असली तर काही थांबतात. उरलेली उसाच्या फडात पाचट गोळा करतात आणि होळीनंतर परततात. तुमचं दहा ओळींचं उद्दिष्ट माझ्या नावावर लिहिलं तर मार्चमध्ये काय निघेल? जे मूल चार-पाच महिने माझ्यासमोर नव्हतं त्याचं न वाचणं माझ्या गोपनीय अहवालात जाईल. ते टाळायचं म्हणून कुणी शिक्षक त्या मुलांना पटावरूनच काढून टाकू लागला, तर सगळ्यांत मोठं नुकसान त्याच मुलांचं होईल. मला तीच भीती वाटते.

निवृत्त केंद्रप्रमुख

मी अनेक वर्षे केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, फिरलो, म्हणून दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. ताईंचा 2017 चा मुद्दा योग्य आहे. परंतु त्यातून 'जोडूच नका' असा निष्कर्ष निघत नाही, असे मला वाटते.

शाळासिद्धीची मांडणी पाहा. 7 क्षेत्रे आणि 46 मानके. त्यातील एक क्षेत्र शिक्षकांच्या कामगिरीचे व्यवस्थापन व व्यावसायिक विकास हे आहे आणि एक समाजाच्या सहभागाचे. म्हणजे नीराकाठ यांची कल्पना कागदावर आधीच आहे. अडचण अंमलाची आहे. गोपनीय अहवाल मी स्वतः लिहिलेले आहेत. शिक्षक आपल्या कामाचा तपशील भरून देतो, आपण प्रतवारी देतो. ज्याच्या वर्गात मी वर्षभरात एकदाही पूर्ण तास बसलो नाही, त्याच्याबद्दल मी काय लिहिणार? बहुतेकांना चांगलीच प्रतवारी जाते. ती दिल्याने कोणी दुखावत नाही, आणि कोणी सुधारतही नाही.

देवदत्त विरुद्ध भारत सरकार या 2008 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अहवालातील प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. त्यामागचा विचार हाच की नोंदीचा उपयोग व्हावा. माझ्या मते जोडणी निकालाशी न करता वर्गातील कामाशी करावी. आराखड्यात वाचन आहे ना? मग त्या वर्षी प्रत्येक शिक्षकाचे वाचनाचे तीन तास मुख्याध्यापकाने किंवा केंद्रप्रमुखाने पूर्ण पाहावेत, त्याच दिवशी बसून बोलावे, आणि पुढच्या वेळी काय बदलले ते लिहावे. त्याला वेतन जोडू नये. मी निवृत्त होण्याआधी दोन वर्षे काही शाळांत असे केले. पहिल्या तासाला शिक्षिका माझ्याकडे पाहून शिकवत होत्या, तिसऱ्या तासाला मुलांकडे पाहून.

ताळमेळ

थोडा वेगळा सूर लावतो. 'पैसा जोडला की सगळं बिघडतं' हे सरसकट खरं नाही. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी ग्रामीण सरकारी शाळांत शिक्षकांना मुलांच्या प्रगतीनुसार बोनस देऊन पाहिला. रक्कम सरासरी वार्षिक पगाराच्या 3 टक्क्यांच्या आसपास होती. दोन वर्षांत त्या शाळांतली मुलं भाषा आणि गणितात इतर शाळांच्या स्पष्टपणे पुढे गेली, आणि ज्या विषयांना बोनस नव्हता त्यांतही मागे पडली नाहीत. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. परीक्षा बाहेरच्या संस्थेनं घेतली होती, आणि मोजलं होतं ते मूल वर्षाच्या सुरुवातीला कुठे होतं आणि शेवटी कुठे पोचलं हे अंतर. अमेरिकेतल्या अटलांटात हे भान सुटलं आणि 2011 च्या सरकारी चौकशीत 44 शाळांतले 178 शिक्षक व अधिकारी उत्तरपत्रिकांतल्या फेरफारात गुंतलेले आढळले.

ग्रामसभेबद्दल मात्र नीराकाठ यांनी जपून पावलं टाकावीत. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेबरोबर हेच तपासलं गेलं होतं. गावात बैठका घेतल्या, शिक्षण समितीचे हक्क समजावले, लोकांनी स्वतः मुलांची वाचन चाचणी घेऊन गावाचा अहवाल बनवला. शाळेत त्यानं फरक पडला नाही. फरक पडला तो गावातल्या तरुणांना वाचन शिकवायचं प्रशिक्षण देऊन शाळेबाहेर वर्ग भरवले तिथे, आणि तोही त्या वर्गांना आलेल्या मुलांमध्ये. माहिती मिळाल्यावर लोकांना हातानं करण्याजोगं काही हवं असतं.

तिसरीतलीची आई

मी समितीवर आहे. बैठक सकाळी अकराला असते, त्या वेळी मी खुरपायला गेलेली असते. मजुरी बुडवून यायचं आणि सही करून जायचं. ग्रामसभेत तर बायका मागे बसतात, बोलत नाहीत.

आणखी एक, जे वर कुणी लिहिलं नाही. शाळेनं उभं राहून सांगितलं की अर्ध्या पोरांना वाचता येत नाही, तर दुसऱ्या दिवशी ज्यांच्याकडे पैसा आहे ते लेकरं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवतील. पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, शिक्षकाचं पद जातं. मग खरं बोलणाऱ्या शाळेला एक शिक्षक कमी, आणि माझी मुलगी तिथंच.

पण मला कळायला हवंच. मला माझ्या मुलीचं सांगा, तोंडी सांगा, संध्याकाळी सांगा.

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये एका प्राथमिक शाळेच्या नियामक मंडळावर पालक प्रतिनिधी आहे, म्हणून इथला अनुभव सांगतो. इथे तिन्ही गोष्टी खरोखर जोडलेल्या आहेत. सुधारणा आराखडा मंडळापुढे येतो, त्यातून मुख्याध्यापकांची उद्दिष्टं ठरतात आणि पुढे शिक्षकांची. मुख्याध्यापकांचं मूल्यमापन मंडळातले दोन-तीन जण बाहेरच्या सल्लागाराबरोबर बसून करतात. पण कुठल्या शिक्षकाबद्दल काय लिहिलं हे आम्हा पालकांना कधीच दिसत नाही. नावं काढलेला गोषवारा तेवढा मिळतो. मला हा भाग फार शहाणपणाचा वाटतो.

बिघडलं ते दोन ठिकाणी. इथल्या स्थानिक परिषदांच्या शाळांत 2013 पासून शिक्षकांची पगारवाढ कामगिरीशी बांधणं सक्तीचं केलं होतं. कागदपत्रं वाढली, भांडणं वाढली, आणि सप्टेंबर 2024 पासून ती सक्ती काढून टाकली. दुसरं म्हणजे तपासणी करणारी ऑफस्टेड संस्था पूर्ण शाळेला एका शब्दाचा शेरा देऊन तो जाहीर करायची. जानेवारी 2023 मध्ये रेडिंगच्या एका मुख्याध्यापिकेनं अशा तपासणीनंतर जीवन संपवलं, आणि मृत्यू चौकशीत तपासणीचा त्यात वाटा होता असं नोंदवलं गेलं. 2024 मध्ये एका शब्दाचा शेरा बंद झाला. गावापुढे अहवाल मांडायचा असेल तर कृपा करून शाळेवर 'क' श्रेणीचा शिक्का मारून मांडू नका.

दोनशिक्षकी

केंद्रप्रमुख सर, तुमच्यासारखं वर्गात येऊन बसणारं कुणी असेल तर माझा विरोध निम्मा संपतो. पण आज केंद्रप्रमुखांची कितीतरी पदं रिकामी आहेत आणि जे आहेत ते माहिती गोळा करण्यात गुंतलेत. कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच शिक्षणाबाहेरची कामं आम्हाला देता येतात. निवडणुकीच्या नावाखाली मतदार यादीचं काम मात्र वर्षभर पुरतं. माझ्या वाट्याचं उद्दिष्ट लिहायचंच असेल तर त्याच कागदावर दुसरा रकाना हवा: हे गाठायला मला काय मिळेल, ते कोण देईल आणि कधी. तो रकाना कोरा राहिला तर माझ्यासमोर तो कागद ठेवू नका.

आणि मुलाचं मोजमाप ते हजर असलेल्या दिवसांवर करा. ऊसतोडीला गेलेल्या लेकराचं नाव वेगळ्या यादीत घ्या आणि ती यादी ग्रामसभेत वाचा. त्याला थांबवणं हे शाळेइतकंच गावाचंही काम आहे, सरपंचांचंही आणि मुकादमाचंही.

नीराकाठ

सगळं दोनदा वाचलं. एक मागे घेतो: शिक्षकाच्या गोपनीय अहवालात मुलांचा निकाल नको. 2017 च्या त्या निर्णयाची मला कल्पना नव्हती.

ग्रामसभेचा हट्ट मात्र सोडत नाही. पट घटेल ही भीती खरी आहे, पण पोरं आजही पिवळ्या गाडीत बसतायतच, काही न कळता. निदान उरलेल्यांच्या आईबापांना तरी शाळेत काय चाललंय ते कळावं. फरक एवढाच करतो की उभं मुख्याध्यापकांना एकट्यांना करायचं नाही. समिती उभी राहील, आणि दोनशिक्षकी ताईंचा तो दुसरा रकाना मी स्वतः मोठ्यानं वाचेन: पंचायतीनं काय द्यायचं होतं आणि काय दिलं. मुलांची यादी नाही, शिक्षकांची नावं नाहीत.

तिसरीतलीच्या आईनं लिहिलेलं कालच आमच्या मुख्याध्यापकांना वाचून दाखवलं. पुढची बैठक संध्याकाळी सातला, मंदिराच्या ओट्यावर ठेवलीय. प्रत्येक आईशी तिच्या मुलाबद्दल पाच मिनिटं बोलायचं, तोंडी. दोन्ही शिक्षक थांबायला तयार झालेत, पण त्यांची शेवटची एसटी सव्वासातला आहे. त्यांना परत सोडायला गाडीची सोय लावतोय.

निवृत्त केंद्रप्रमुख

पाच मिनिटांत काय बोलायचे, त्याचा साधा कागद मी तयार करून देऊ का? मुलाने त्या दिवशी वाचलेला परिच्छेद आईसमोरच वाचायचा, एवढेच त्यात असेल.

दोनशिक्षकी

सर, मलाही पाठवा. आमच्याकडे दिवाळीआधी घ्यावं लागेल.