वेंकटरामन यांचा एच-इंडेक्स किती? (सायटेशन मोजणीवर चर्चा)

स्तंभलेखक (धागाकर्ता)

निवड समित्यांनी सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाचं काम सायटेशनवर, म्हणजे इतरांच्या पेपरांत त्याचा संदर्भ किती वेळा आला यावर, तोलावं असं काहीजण म्हणतात. (एच-इंडेक्स २० म्हणजे किमान वीस-वीस सायटेशन मिळालेले वीस पेपर.) तर आधी रंगरसायनातले के. वेंकटरामन यांचं तोलून दाखवा. मुंबईच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे (आताचं आयसीटी) संचालक, पुढे १९५७ पासून पुण्याच्या एनसीएलचे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) पहिले भारतीय संचालक. त्याआधी लाहोरला असताना त्यांनी एच. एस. महल यांच्याबरोबर जी अभिक्रिया मांडली, तीच पुढे बेकर–वेंकटरामन पुनर्रचना म्हणून रूढ झाली. विल्सन बेकर यांनी ती त्याच सुमारास स्वतंत्रपणे दाखवली होती.

कृती कुठल्याही प्रयोगशाळेत जमते. ऑर्थो-हायड्रॉक्सीअॅसिटोफिनोन १३.६ ग्रॅम, बेन्झॉइल क्लोराइड २१.१ ग्रॅम, पिरिडिन २० मिली: एस्टर तयार. तो एस्टर २० ग्रॅम घेऊन ७५ मिली पिरिडिनमध्ये ५० अंशांवर ठेवायचा आणि बारीक कुटलेलं ७ ग्रॅम केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) टाकायचं. पिवळा पोटॅशियम क्षार इतका दाट होतो की ढवळणी अडते. आम्ल टाकलं की १,३-डायकीटोन. तो अॅसिटिक आम्लात थोड्या सल्फ्युरिक आम्लासह तापवला की पाणी निघून फ्लेवोन, म्हणजे वनस्पतींतल्या पिवळ्या रंगद्रव्यांचा मूळ सांगाडा. पिरिडिन ओलं असेल तर एस्टरच फुटतो, बेन्झोइक आम्ल हाती येतं आणि यील्ड (हाती येणारं उत्पादन) बसतं.

आता असं फ्लेवोन करणारा संशोधक पेपरात संदर्भ कुणाचा देतो? ज्याची कृती उतरवली त्या गेल्या पाच-दहा वर्षांतल्या पेपरचा. महल–वेंकटरामन यांचा १९३४ चा मूळ पेपर बहुतेकांनी उघडलेलाही नसतो. नाव पाठ्यपुस्तकात गेलं आणि आकड्यातून गळलं.

लघुगणक

असहमत. अपवाद पुढे करून नियम मोडीत काढताय. स्वतःच्या नावाची अभिक्रिया कितीजणांच्या वाट्याला येते? निवड समितीपुढे चाळीस अर्ज असतात. आकडा काढून टाकला की उरतं शिफारसपत्र आणि ‘हा कोणाचा विद्यार्थी’. आकड्याला निदान गुरू माहीत नसतो.

शिवाय तुम्ही शोधताय चुकीच्या जागी. त्या पेपरवर पहिलं नाव महल यांचं आहे, आणि सायन्स सायटेशन इंडेक्स या छापील सूचीत संदर्भ पहिल्या लेखकाखाली लागत. ‘वेंकटरामन के’ शोधून तो तिथे सापडणारच नाही. ‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’ या त्यांच्या ग्रंथाचंही तेच. १९५२ पासून खंड निघत गेले, रंगरसायनवाल्यांचा तो आधारग्रंथ. पण पुस्तकाची सायटेशन खंड आणि पान बदललं की वेगळ्या ओळीत पडतात. वेब ऑफ सायन्स या सायटेशनच्या डेटाबेसमधल्या साइटेड रेफरन्स सर्चमध्ये जाऊन सगळ्या ओळींवर खूण करून बेरीज करावी लागते. प्रोफाइलच्या पानावरचा एच-इंडेक्स यातलं काहीच करत नाही. दोष मोजणाऱ्याचा, मोजण्याचा नव्हे.

सिलिकाजेल

दोघांनाही एक वेगळाच चिमटा. सेंद्रिय रसायनात ढिगाने सायटेशन मिळतात ती अवजारांना आणि रिव्ह्यूंना (आधीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या लेखांना). गॉटलिब, कोटल्यार आणि नूडेलमन यांचा १९९७ चा पेपर बघा: एनएमआरमध्ये (रेणूची रचना ओळखायच्या चाचणीत) अशुद्धी म्हणून दिसणाऱ्या नेहमीच्या द्रावकांचे शिखरस्थानांचे तक्ते. त्यात नवा रेणू एकही नाही, पण सायटेशन रग्गड. दोन कार्बन जोडणारी सुझुकी-मियाउरा अभिक्रिया १९७९ ची, आणि संदर्भ मात्र सर्रास त्यांच्या १९९५ च्या केमिकल रिव्ह्यूजमधल्या लेखाचा.

टोक म्हणजे शेल्ड्रिक. क्रिस्टलमधली रेणूची रचना सोडवायच्या शेलएक्स प्रोग्रॅमवरचा त्यांचा २००८ चा एक लेख, आणि त्या जोरावर अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या लेखांना सरासरी मिळणारी सायटेशन) एका वर्षात सुमारे २ वरून जवळपास ५० वर. त्या अंकात शेजारी छापलेल्या लेखाची गुणवत्ता काय पंचवीसपट झाली?

उलट स्टिल यांचा फ्लॅश कॉलम (१९७८), म्हणजे सिलिकेच्या नळीतून दाबाने मिश्रण वेगळं करायची पद्धत: टीएलसीच्या पातळ पट्टीवर आरएफ (पदार्थ किती वर चढला याचं प्रमाण) ०.३५ येईल असं द्रावक, ४० ते ६३ मायक्रॉनची सिलिका, सुमारे ६ इंचांचा थर, मिनिटाला २ इंच उतार. रोज जगभर चालणारे कॉलम धरले, तर या पेपरला मिळालेली भरपूर सायटेशनसुद्धा चिल्लर आहेत.

स्तंभलेखक

+१. माझा मुद्दा हाच. सायटेशन म्हणजे संदर्भ लिहिण्याची सवय. प्रयोगशाळेत काय वापरलं जातं ते त्यात दिसेलच असं नाही.

आणि हिर्श यांनी २००५ मध्ये मांडलेल्या एच-इंडेक्सचं गणितच बघा. वीस पेपर, प्रत्येकी वीस सायटेशन: एच २०. पाच पेपर, प्रत्येकी पाच हजार: एच ५. लठ्ठ पगडी पहिल्याला.

लघुगणक

म्हणून तर एकटा एच कोणी वापरू नये. रिव्ह्यू वेगळे काढा, स्वतःची सायटेशन वजा करा, ‘पाटील एस’ नावाचे चौघे एका प्रोफाइलमध्ये मिसळले नाहीत ना ते ओआरसीआयडीवरून (संशोधकाच्या स्वतंत्र ओळख क्रमांकावरून) ताडा. मग प्रत्येक पेपर त्याच वर्षाच्या, त्याच विषयाच्या पेपरांशी ताडून पहिल्या दहा टक्क्यांत बसतो का बघा. इतकं केलं की आकडा बराच शहाणा होतो.

स्तंभलेखक

‘त्याच विषयाच्या’ इथेच घोळ आहे. वेब ऑफ सायन्समधली विषयवारी मुळात जर्नलवरून ठरते. पंचवीस पायऱ्यांचं टोटल सिंथेसिस (गुंतागुंतीचा रेणू साध्या पदार्थांपासून बांधणं), जिथे बाविसाव्या पायरीला संरक्षक गट (रेणूचा भाग तात्पुरता झाकणारा गट) निघत नाही म्हणून अख्खा मार्ग मागे जातो, आणि तीस-चाळीस उदाहरणांचा तक्ता भरून झालेला मेथडॉलॉजीचा (नवी अभिक्रिया मांडणारा) पेपर, दोन्ही ‘सेंद्रिय रसायन’च. पहिल्यात एक पीएचडी जाते आणि पेपर एक निघतो. दुसऱ्यात तेवढ्याच काळात तीन-चार निघतात, आणि पुढचा प्रत्येक मेथडॉलॉजीवाला त्यांना प्रस्तावनेत ओळीने टाकतो. तुमची टक्केवारी हे वेगळं करत नाही.

लघुगणक

मग हाताने वेगळं करा. त्याच वर्षीची, त्याच जर्नलमधली दहा टोटल सिंथेसिस काढा आणि त्यांच्यात तुलना करा. अर्ध्या तासाचं काम.

स्तंभलेखक

अर्जामागे अर्धा तास, म्हणजे चाळीस अर्जांना वीस तास. समिती एका दुपारी उरकते.

सिलिकाजेल

दुपारच हातात असेल तर ते पेपर तरी कोण वाचणार, हेही सांगून टाका.