मदत हवी आहे : सलग तीन एक नसलेल्या द्विमान संख्यांसाठी कसोटी

सदस्यांना नमस्कार. पुण्यात सदाशिव पेठेत आम्ही शाळकरी मुलांसाठी गणिताचे छोटे अभ्यासमंडळ चालवतो. सध्या द्विमान पद्धतीत लिहिल्यावर दोन एक शेजारी येत नाहीत, अशा संख्यांची ०, १, २, ४, ५, ८, ९, १०, १६… ही श्रेणी हाताशी घेतली आहे. एक, दोन, तीन, चार स्थानांत मावणाऱ्या अशा संख्या अनुक्रमे २, ३, ५, ८ भरतात. लघु-गुरूंच्या मांडण्या मोजताना विरहांक आणि हेमचंद्र या प्राचीन छंदशास्त्रकारांनी मांडलेला हाच तो क्रम, हे सांगितल्यावर मुले विशेष खुलली.

या श्रेणीची मला सर्वांत आवडलेली कसोटी अशी : क आणि २क यांची द्विमान बेरीज हातचा न येता होत असेल, तरच क ही संख्या या श्रेणीत असते. म्हणजेच, जर्मन गणिती कुमर यांच्या १८५२ च्या प्रमेयानुसार (बेरजेत जितके हातचे येतात, तितक्या वेळा निवडींच्या संख्येला २ ने भाग जातो), ३क वस्तूंमधून क वस्तू निवडण्याच्या प्रकारांची संख्या विषम असते. ५ साठी ती ३००३ येते, ३ साठी मात्र ८४.

आता सलग तीन एक वर्ज्य केले, तर अशीच सम-विषमतेची कसोटी मिळेल का? क, २क आणि ४क यांची बहुपदी सहगुणकाने (७क वस्तू क, २क आणि ४क अशा तीन गटांत वाटण्याच्या प्रकारांच्या संख्येने) एकत्र परीक्षा घेतली, तर ३ आणि ५ सुद्धा बाद होतात, कारण तेथे कोणत्याही दोघांचा एक एकाच स्थानी आलेला चालत नाही. तिघांचे एक एकाच स्थानी आले तरच नापास करणारी एखादी राशी कोणाला ठाऊक असल्यास, किंवा ती शक्यच नसल्याची सिद्धता असल्यास, दहावीच्या मुलांना झेपेल अशा भाषेत कृपया कळवावी.