एकाच एलपीच्या दोन प्रती, आवाज मात्र वेगळा. कुठली ठेवू?

कुडाळचा_रेडिओ
नमस्कार मंडळी. लतादीदींच्या पन्नासच्या दशकातल्या चित्रपटगीतांची एक एलपी (मोठी रेकॉर्ड) माझ्याकडे दोन प्रतींत आहे. एक आजोबांची, मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधे एकच आवाज, माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली. दुसरी मी मुंबईच्या चोरबाजारातून आणली, ती बरीच नंतरची आणि कव्हरवर स्टिरिओ छापलंय, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळा आवाज. दोन्ही कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातल्या. गाणी तीच, क्रम तोच, पण आवाजात जमीनअस्मानाचा फरक! मोनोत दीदींचा आवाज अगदी समोर येऊन उभा राहतो, डग्ग्यावर तळवा कसा घासत गेला तेसुद्धा कळतं, पण खरखर इतकी की अंतऱ्याआधी वाद्यं थांबली की फक्त तीच ऐकू येते. स्टिरिओवाली स्वच्छ आहे पण गाणं विस्कटल्यासारखं वाटतं, डाव्या स्पीकरमधे पातळ आणि उजव्यात घुमतं, आणि गाणारी नक्की कुठे उभी आहे त्याचा पत्ताच लागत नाही. टर्नटेबल बेल्ट ड्राइव्ह, साधं मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग). आमच्याकडे पावसात कपाटातलं सगळं सादळतं म्हणून जास्त प्रती सांभाळणं जमत नाही, एकच ठेवायची तर कुठली?

पेटीमास्तर_रत्नागिरी
मोनो. यात विचार करण्यासारखं काहीच नाही हो.

तुमच्या स्टिरिओ प्रतीचं कव्हर मागून नीट बघा, कुठेतरी बारीक अक्षरात 'इलेक्ट्रॉनिकली रीप्रोसेस्ड' असं काहीतरी सापडेल. मूळ ध्वनिमुद्रण एकाच ट्रॅकचं, त्यातून दोन बाजू येणार कुठून? मग काय करायचे, एका चॅनलमधला बेस (खालचे सूर) कापायचा, दुसऱ्यातला ट्रेबल (वरचे सूर), वरून थोडा एको आणि फेजमधे, म्हणजे दोन्हींच्या लहरींच्या जुळणीत, सरकवासरकव, झालं स्टिरिओ. लोकांनी नवीन स्टिरिओ सेट घेतले होते, त्यांना स्टिरिओ लिहिलेलीच रेकॉर्ड हवी असायची, म्हणून जगभर हे झालं. आणि ते उलटं फिरवता येत नाही, दोन्ही चॅनल परत एकत्र केले तरी फेजमुळे काही सूर एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ येतो.

आता तुमच्या खरखरीबद्दल. मोनो रेकॉर्डमधे खाच फक्त आडवी हलते, वरखाली काहीच नोंदवलेलं नसतं. स्टिरिओ कार्ट्रिज मात्र वरखालीची हालचालही वाचतं, म्हणजे तळातली धूळ, बुरशी सगळं इमानेइतबारे वाजवून दाखवतं. अँपवर मोनोचं बटण असेल तर ते दाबा, दोन्ही चॅनल एक झाले की ती वरखालीची खरखर एकमेकांत रद्द होते आणि गाणं जसंच्या तसं राहतं. हे न करता जुन्या मोनोला नावं ठेवणं मला अन्याय वाटतो, खरंच.

वाशिष्ठीकाठ
पेटीमास्तरांशी १०० टक्के सहमत, फक्त त्याआधी धुवा. माळ्यावरची ट्रंक म्हणजे कोकणात बुरशी ठरलेलीच. खोलीत अंधार करा आणि रेकॉर्डवर टॉर्च अगदी तिरका मारा, पांढुरके ठिपके किंवा जाळीसारखं दिसलं तर ती सलग चरचर त्याचीच.

आम्ही चिपळूणचे, २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावरच्या सगळ्या रेकॉर्ड चिखलात होत्या. कव्हरं गेली, त्यांचा लगदा झाला, पण विनाइलला पाण्याने काही होत नाही. घात करतो तो चिखलातला बारीक रेजगा, म्हणून आधी नुसतं पाणी ओतत राहायचं, फडकं अजिबात लावायचं नाही. सगळं वाहून गेलं की मगच मऊ ब्रश, तोसुद्धा खाचेच्या दिशेने गोल गोल, आरपार नाही. शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच, कारण विहिरीचं पाणी वाळलं की खाचेत क्षार राहतात. बुरशी असेल तर तीन भाग डिस्टिल्ड पाणी, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल. लेबल सांभाळा. मग उभ्या ठेवून पंख्याखाली सुकवा, उन्हात नको, वाकतात. आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डना अल्कोहोल लावू नका, त्या लाखेच्या, पृष्ठभाग विरघळतो, कायमचं नुकसान.

सुकल्यावर जुन्या कागदी पाकिटात परत घालू नका, बुरशी त्या कागदातच असते.

मालवणी_तबकडी
दोघांनी मुद्द्याचं सांगितलंय, मी तुलनेबद्दल लिहितो कारण त्यात बरेच जण फसतात. दोन प्रती वाजवताना दोन्हींची पातळी सारखी करून घ्या. जी जराशी मोठ्याने वाजते ती आपल्याला चांगली वाटते, कान असेच असतात. मोबाइलवर डेसिबल मोजणारं ॲप घ्या, स्पीकरपासून त्याच जागी ठेवा आणि मग व्हॉल्यूम जुळवा. दुसरं, दोन्हींवरचं तेच गाणं ऐका, पहिलं पहिल्याशी आणि शेवटचं शेवटच्याशी. एलपीवर बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर सरकते आणि लेबलजवळ २० च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा, त्यामुळे शेवटच्या गाण्यात स, श फाटतात. तेच गाणं मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या ईपीवर मिळालं तर जरूर घ्या, छोटी तबकडी पण वेग जास्त, कित्येकदा एलपीला मागे टाकते.

मग लेबलाच्या कडेची मोकळी गुळगुळीत पट्टी बघा, तिथे कोरलेला मॅट्रिक्स नंबर असतो. दोन प्रतींचा नंबर वेगळा असेल तर कटिंगच, म्हणजे मूळ खाच कोरणंच, वेगळं. मोनोच्या दोन प्रती असतील आणि नंबर एकच, तर फरक बहुतेक झिजेचा किंवा स्टॅम्परचा, म्हणजे रेकॉर्ड छापायच्या साच्याचा. इंग्लंडच्या जुन्या ईएमआय प्रेसिंगवर तर स्टॅम्परचा क्रमांकसुद्धा अक्षरात असतो, ग्रामोफोन लिमिटेडवरून, जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४ असं करत शेवटचं डी म्हणजे ०. एकच अक्षर असेल तर अगदी सुरुवातीच्या साच्यातली प्रत, ताज्या साच्यात झांजांची धार शाबूत असते.

आजोबांच्या प्रतीवर बहुतेक जड सिरॅमिक कार्ट्रिज फिरलं असणार, पाच ग्रॅम वगैरे वजनाचं. त्याने खाचेची भिंत एका विशिष्ट उंचीवर घासली जाते. म्हणून मोनोसाठी १ मिलची (इंचाचा हजारावा भाग) गोल टोकाची सुई वापरून बघा, तुमची इलिप्टिकल, म्हणजे लंबगोल टोकाची, असेल तर ही तिच्यापेक्षा वर टेकते, कधी कधी तिथली भिंत कोरी असते. कधी मालवणाक येवा, माझ्याकडे आहे, लावून ऐकू.

कुडाळचा_रेडिओ
सगळ्यांचे आभार! कव्हरवर खरोखरच रीप्रोसेस्ड लिहिलंय, मागे खाली कोपऱ्यात. मोनो धुतली, पांढरी जाळी होतीच. मोनो बटण दाबल्यावर खरखर निम्म्याहून कमी झाली आणि आता व्हायोलिनच्या मागे बासरी आहे हे पहिल्यांदाच ऐकू आलं, घरच्यांना बोलावून ऐकवलं. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात मात्र आवाज अजून फाटतो, धुऊनही. ती झीज समजायची का?

मालवणी_तबकडी
आधी कार्ट्रिजचं अलाइनमेंट, म्हणजे ते खाचेला सरळ बसलंय का, तपासा, त्यासाठीचा प्रोट्रॅक्टर (मापाचा कागद) छापून मिळतो, फक्त प्रिंट काढताना माप १०० टक्के ठेवा. दुसऱ्या एखाद्या चांगल्या रेकॉर्डचं शेवटचं गाणंही फाटत असेल तर दोष तिथे. ते स्वच्छ वाजलं तर झीज, मग गोल सुई. रविवारी घरीच आहे, रेकॉर्ड घेऊन या, येताना पिशवीत आडवी नका ठेवू आणि गाडी उन्हात लावलीत तर आत सोडू नका.