मदत हवी आहे: चोखोबांवरचं संगीत नाटक, भिंतीचा प्रवेश

नमस्कार मंडळी, आमच्या गावच्या जत्रेला यंदा संत चोखामेळ्यांवर संगीत नाटक बसवतोय, फोंडा तालुक्यात, देवळासमोरच्याच मंडपात. तालमी बऱ्या चालल्यात, गाण्यांचं टेन्शन नाही, पण शेवट अडलाय. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून चोखोबा गेले, आणि नामदेवांनी ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती ओळखून पंढरपूरला आणली अशी कथा आहे, ती दाखवायची कशी? थर्माकोलची भिंत पाडली तर पुढे बसलेली पोरं हसणार हे नक्की 😅 आमचे पेटीवाले काका म्हणतात अंधार करून फक्त पखवाज वाजवा, मला पटतंय पण मंडपात पूर्ण अंधार होतच नाही, बाहेर खाज्याच्या दुकानांचे लाईट. विठ्ठलनाम रेकॉर्डेड नको वाटतं, विंगेतून दोघातिघांनी हळू म्हटलं तर शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल का, माईक कुठे लावू?

दुसरं म्हणजे चोखोबांचा मुलगा कर्ममेळा, त्याच्या तोंडी देवालाच जाब विचारणारं पद आहे, त्याच्या अभंगांत तो राग आहेच, तरी कमिटीतले एकदोघे म्हणतात जत्रेत नको. मला ते काढायचं नाहीये. त्यानंतर लगेच चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंचं शांत पद घेतलं तर चालेल का? जत्रेत नाटकं केलेल्यांनी प्लीज सांगा, आणि पायपेटी भाड्याने कुठे मिळते तेही.