शंभर टक्के चढ म्हणजे किती?

ट्रेडमिलवर चढाचा आकडा १५ ठेवून तीन महिने चालतोय आणि पंधरा अंशांचा डोंगर चढत असल्याच्या थाटात सगळ्यांना सांगतोय. काल कळलं की तो आकडा अंशांचा नाही, टक्क्यांचा आहे. अंशांत तो जेमतेम साडेआठ भरतो. निम्मी हवा गेली. पण अडलंय ते शब्दापाशी. टक्के म्हटले की कशाचे तरी हवेत ना? काटकोनाचे धरले तर साडेतेरा अंश यायला हवेत. आणि १०० टक्के चढ म्हणजे मग भिंतच का?

प्रतिसाद १

भिंत नाही, ४५ अंश. शंभर टक्के म्हणजे 'पुरेपूर, याच्यापुढे काही नाही' असं डोक्यात बसलंय, तिथे घोळ होतो. जुना 'शेकडा' वापरून बघा. चढ शेकडा पंधरा, म्हणजे शंभर मीटर आडवं सरकलं की पंधरा मीटर वर. उंची भागिले आडवं अंतर, बस. शेकडा शंभर म्हणजे जेवढं पुढे तेवढंच वर, म्हणून ४५. साठ अंशांचा चढ शेकडा १७३ होतो. भिंतीला तर आकडाच नाही, कारण खाली भागायला शून्य उरतं.

शाळेत 'रेषेचा चढ' काढायचो तो हाच भागाकार, फक्त शंभराने न गुणलेला.

प्रतिसाद २

'आडवं' या शब्दावर बोट ठेवतो. ते चाललेलं अंतर नव्हे. अर्थात शेकडा दहाच्या चढावर शंभर मीटर आडवं जायला साधारण साडेशंभर मीटर... चुकलो, १००.५ मीटर चालावं लागतं, म्हणजे फरक अर्ध्याच मीटरचा. (साडेशंभर हा शब्द आहे तरी का?)

न्यूझीलंडमधल्या डनीडिन शहरातला बाल्डविन स्ट्रीट जगातला सगळ्यात उभा रस्ता मानला जातो: ३४.८ टक्के. अंशांत सांगा, १९ च्या आसपास, कुणाला धाप लागणार नाही. २०१९ मध्ये हा मान वेल्समधल्या हार्लेकच्या एका रस्त्याला मिळाला आणि २०२० मध्ये काढून घेतला गेला. वाद होता मोजायचं कुठून याचा, वळणाच्या आतल्या कडेने की रस्त्याच्या मधोमध.

प्रतिसाद ३

गवंड्याचा शब्द राहिला की, 'ढाळ'. पाणी वाहून जावं म्हणून फरशीला देतात तो. त्याला कोन लागत नाही. मीटरभर सरळ पट्टीचं एक टोक उतारावर टेकवा, वर पाणसळ ठेवून पट्टी समपातळीत आणा, दुसऱ्या टोकाखालची फट मोजा. दोन सेंटिमीटर भरली तर ढाळ दोन टक्के.

अंश हवेच असतील तर टक्क्यांना पावणेदोनने भागा. वीस अंशांपर्यंत ठीक जमतं, पुढे हिशेब फसतो: तीस अंशांचे साडेबावन्न येतात, खरे साधारण ५८.

मूळ विचारणारा

आताच जिन्याच्या पायरीला फूटपट्टी लावली. उंची १७ सेंटिमीटर, रुंदी २८. शेकडा ६१! ट्रेडमिलचं आता कुणापाशी काढत नाही.